बाटलीवरची बारीक अक्षरं

गुलाबी रंगाच्या औषधांवर माझा पहिल्यापासून विश्वास होता. तपकिरी औषधं कडू असतात, हिरवी संशयास्पद असतात आणि गुलाबी असतात ती लहान मुलांची, गोड आणि निष्पाप, अशी माझी एक ढोबळ वर्गवारी होती आणि तिच्यावर माझं बरं चाललं होतं. पण त्या सोमवारी संध्याकाळी औषधाच्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरण्याचं काम बायकोने माझ्यावर सोपवलं. खूण शोधायला मी बाटली खिडकीशी नेली, आणि खूण सापडायच्या आधी मला लेबल सापडलं.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे. मी एका विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. लोक नुकसानभरपाई मागायला येतात, आणि सही करण्याआधी पॉलिसीच्या मागची बारीक अक्षरं त्यांनी वाचली नव्हती, हे त्यांना सौम्य शब्दांत कळवण्याचं काम माझ्याकडे आहे. माझ्या टेबलावर एक भिंग असतं. समोरचा माणूस तोंडी काही सांगू लागला की मी हात वर करतो आणि म्हणतो, "लेखी द्या." एकवीस वर्षं हे दोन शब्द म्हणून म्हणून माझा आवाजच तसा झालाय असं बायको म्हणते. लग्नाआधी तिने मला लिहिलेलं पहिलं पत्र मी उलटून मागे काही आहे का ते पाहिलं होतं, हेही ती अधूनमधून पाहुण्यांना सांगत असते.

तर लेबलच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रिझर्व्हेटिव्ह: सोडियम बेंझोएट.'

"अगं, यात प्रिझर्व्हेटिव्ह आहे!" मी ओरडलो.

"पाणी खुणेपर्यंत भरलंत का?" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"प्रिझर्व्हेटिव्ह आहे म्हणतोय मी."

"ऐकलं मी. पाणी उकळून गार केलेलं घ्या. ओट्यावरच्या पातेल्यात आहे."

एखाद्या माणसाने गंभीर गुन्हा उघडकीला आणावा आणि त्याला पातेलं दाखवण्यात यावं, याचं मला वाईट वाटलं. मी बाटली घेऊन सरळ बैठकीच्या खोलीत गेलो. तिथे सोफ्यावर, उशीला डावा कान लावून आणि दुखऱ्या उजव्या कानावर टॉवेलची घडी ठेवून, आमची सहा वर्षांची मुलगी पडली होती. घरात आणि घराबाहेर तिला सगळे वकीलबाई म्हणतात. तिला काहीही सांगितलं की ती आधी "कशावरून?" असं विचारते, म्हणून हे नाव. दुपारी डॉक्टरबाईंनी बॅटरीच्या उजेडात तिचा कान पाहिला होता. आत सूज होती. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा गुलाबी औषध, आणि बरं वाटलं तरी मध्येच बंद करायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं.

"हे असलं रसायन लहान मुलांच्या पोटात घालायचं?" मी बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो. "मोठ्यांचं एक वेळ ठीक आहे. मोठ्यांना काही होत नाही. पण लहान मुलांच्या पोटात हे विष?"

वकीलबाईंचा एक कान दुखत होता आणि दुसरा उशीत होता, त्यामुळे त्यांना काही ऐकू येणार नाही असा माझा हिशेब होता. तो चुकला. एकदम उशीवरून डोकं वर आलं.

"कशावरून?" तिने विचारलं.

मी तिला लेबल दाखवलं. नको होतं दाखवायला, पण पुरावा मागणाऱ्या माणसाला पुरावा दाखवायचा ही माझी नोकरीतली शिस्त. ती नुकतीच वाचायला शिकली होती आणि पाट्यांवरची ठळक अक्षरं बोट फिरवून वाचत होती. ही अक्षरं तिला दिसेनात. तिने बाटली नाकापाशी नेली, परत केली आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

त्या संध्याकाळचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा असे दोन चमचे बायकोने गोष्टी सांगून आणि डोळे वटारून कसेबसे तिच्या पोटात घातले. मी तोपर्यंत स्वयंपाकघरातल्या कपाटाची झडती घेतली. जॅमच्या बाटलीवर तेच नाव होतं. सॉसच्या बाटलीवर तेच नाव होतं. मी सॉसशिवाय ऑम्लेट खात नाही हे जगजाहीर आहे. त्या हिशेबाने गेली तीस वर्षं मी हे रसायन पोटात ठेवून हिंडतोय असं निघालं.

"मग अजून सडला नाहीत ते त्यामुळेच असेल," बायको म्हणाली आणि डबा घेऊन कामावर गेली.

मी मात्र रजा टाकली. वकीलबाईंना ताप नव्हता, कानही जरा शांत होता, पण शाळा बुडालीच होती आणि मी घरी थांबणार होतो. बापाच्या काळजीला रजेचा अर्ज लागतो, आणि तो मी सकाळीच लेखी दिला होता.

पहिला सल्ला मी वरच्या मजल्यावरच्या हेडसरांचा घेतला. हेडसर म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. शाळा गेली तरी त्यांची तांबडी शाई गेलेली नाही. त्यांनी बाटली डोळ्यांपासून हातभर लांब धरली, हुंकार दिला आणि म्हणाले, "विषय गंभीर आहे. नोटीस लावू या."

"नोटीस कशाला? मी फक्त विचारत होतो..."

"तुम्हाला कळलं ते इतर पालकांना कळायला नको? स्वार्थीपणा आहे हा."

स्वार्थी म्हटल्यावर माझा इलाज चालेना. मी तिथल्या तिथे मजकूर लिहून दिला: 'सर्व पालकांस विनंती. लहान मुलांच्या औषधांत रसायने असतात. बाटलीवरील बारीक अक्षरे प्रत्येकाने वाचावीत.' हेडसरांनी 'विनंती' खोडून 'सक्त सूचना' केलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून मला सातपैकी पाच गुण दिले, आणि खाली स्वतःच्या हाताने भर घातली: 'मुलांनीही वाचावीत. वाचन हा उत्तम छंद आहे.' मग फळ्यावर लिहायच्या जाड अक्षरात हे सगळं उतरवून काढलं आणि जिन्याजवळच्या फलकावर लावलं. त्या अक्षरांची उंची मुलांच्या नजरेला अगदी सोयीची होती, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुसरा सल्ला न मागता मिळाला. तळमजल्यावरच्या मधवाल्या काकू जिन्यातच भेटल्या. त्यांचं घराणं मध विकणारं नाही, पण त्या कुठल्याही दुखण्यावर मध सांगतात. मागे पाण्याची टाकी गळत होती तेव्हाही त्यांनी मधाचं नाव काढल्याचं मला आठवतं.

"मध वर्षानुवर्षं टिकतो," त्या म्हणाल्या, "आणि त्यात आहे का कुठलं प्रिझर्व्हेटिव्ह? नाही ना? मग!"

"पण काकू, कान दुखतोय. आत सूज आहे."

"मग कानालाही मधच."

कानात मध घालणं मला पटलं नाही. पण मला औषधाची तक्रार घेऊन सरकारी कचेरीत जायचं होतं आणि मुलीजवळ बसायला कुणीतरी हवं होतं. मध पोटात किंवा कानात, कुठेही जाणार नाही अशा अटीवर मी वकीलबाईंना काकूंच्या ताब्यात दिलं. अट लेखी घेतली नाही याची रुखरुख लागली.

औषध तपासणीची कचेरी म्हणजे एक लांब खोली, चार खिडक्या, त्यातल्या तीन बंद. चौथ्या खिडकीत एक कारकून बसले होते. त्यांच्याही टेबलावर भिंग होतं. परक्या गावात आपल्याच आळीतला माणूस भेटावा तसं मला झालं. मी मोठ्या आत्मीयतेने सगळी हकिकत सांगू लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"लेखी द्या," ते म्हणाले.

हे शब्द ऐकणाऱ्याला कसे लागतात हे मला एकवीस वर्षांत प्रथमच समजलं. जरा टोचतात. मी अर्ज घेतला. त्यात पहिलाच रकाना होता, 'रुग्णास झालेला अपाय'. खाली पर्याय होते: पुरळ, उलटी, चक्कर, मृत्यू, इतर.

"अपाय अजून काही झालेला नाही," मी म्हणालो.

"असा रकाना नाही."

"पण होऊ शकतो ना."

"झाला की या."

"अहो, होऊ नये म्हणूनच तर आलोय मी."

त्यांनी भिंग पुसलं. "मग 'इतर' लिहा आणि वेगळ्या कागदावर खुलासा जोडा. आणि नमुना लागेल. सीलबंद."

मी खुलासा लिहिला. अडीच पानं झाला. चांगला झाला होता, एका परिच्छेदात तर मला स्वतःलाच भरून आलं. आता प्रश्न नमुन्याचा. शहाण्या माणसाने काय केलं असतं मला माहीत नाही, कारण त्या दिवशी तो माझ्याबरोबर नव्हता. मी घरी गेलो, बाटली काढली, ऑफिसच्या कामासाठी घरी ठेवलेली लाखेची कांडी मेणबत्तीवर धरली आणि झाकणावर असं सुरेख सील केलं की आमच्या साहेबांनीसुद्धा पाठ थोपटली असती. वर चिठ्ठी चिकटवली, 'नमुना क्रमांक एक'. कचेरी जेवणाच्या सुट्टीनंतर उघडली तेव्हा मी दारातच उभा होतो. कारकुनांनी सील बोटाने चाचपून पाहिलं. "काम स्वच्छ आहे," ते म्हणाले. आपल्या धंद्यातल्या माणसाने केलेली स्तुती वेगळीच असते. मी जवळजवळ शीळ घालत घरी आलो.

संध्याकाळी बायको आली. तिने हात धुतले, चमचा घेतला, फ्रीज उघडला.

"औषध कुठे आहे?"

"जमा केलं."

"जमा म्हणजे?"

मी पावती पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं, 'बाटली एक, गुलाबी, लाखेच्या सीलासह'. बायकोने पावती वाचली. उलटून मागची बाजूही पाहिली; ही सवय तिला माझ्यामुळे लागली आहे. मग तिने चमचा अगदी हळू ओट्यावर ठेवला. आमच्या घरात भांडी आदळली तर काळजीचं कारण नसतं. हळू ठेवली तर असतं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही पोरीचं औषध सरकारात जमा करून आलात?"

असं एका वाक्यात मांडल्यावर त्यात काही दोष आहे हे माझ्याही लक्षात आलं.

मी धावत कचेरीत गेलो. चौथी खिडकीही बंद होत होती.

"जमा झालेला नमुना परत मिळत नाही," कारकून म्हणाले. "अर्ज केलात तर तीस दिवसांत विचार होतो."

"अहो, माझ्या मुलीचं औषध आहे ते! आत्ता द्यायचंय!"

"मग जमा कशाला केलंत?" त्यांनी विचारलं, आणि हे त्यांनी टोमणा म्हणून नाही, खरोखरच कुतूहलाने विचारलं. ते थोडा वेळ थांबले, कदाचित उत्तर लेखी मिळेल अशा आशेने, आणि मग खिडकी लावली.

तिथून मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार बोलताना कात्रीने गोळ्यांच्या पट्ट्या कापत असतो, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य जरा कापून मिळतं.

"हे औषध असं पुन्हा देता येत नाही. डॉक्टरांची नवी चिठ्ठी पाहिजे. कालच दिलं की. पहिली बाटली फुटली का?"

"नाही. ती तपासणीच्या कचेरीत आहे."

"का बरं? काही गडबड निघाली?"

"लेबलवर सोडियम बेंझोएट लिहिलंय."

"बरोबर आहे. लिहिलंय, कारण असतं." माझ्यामागे रांग होती आणि रांगेतले सगळे एव्हाना पुढे सरकून ऐकत होते. "तुम्हाला नको असेल तर डॉक्टरांना विचारायचं होतं, साहेब. त्या सांगतात दुसरं काही चालेल का. औषधं आम्ही देतो, तुम्ही सील कशाला करता?"

रांगेत कुणीतरी हसलं. एकवीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो, आणि हसणं तिथून इतकं स्पष्ट ऐकू येत नाही. दवाखान्यात गेलो तर दाराला कुलूप, मंगळवारी संध्याकाळी बंद. घरी परतेपर्यंत काट्याचा नायटा झालेला होता.

वकीलबाईंचा कान पुन्हा दुखायला लागला होता. ती मोठ्याने रडत नव्हती. मोठ्याने रडली असती तर बरं झालं असतं. ती टॉवेल कानावर दाबून, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मधूनच नुसता खोल श्वास घेत होती. बायकोने डॉक्टरबाईंना फोन केला, घरात होतं ते दुखण्यावरचं औषध किती द्यायचं एवढंच, बाटलीचा विषय न काढता, विचारून घेतलं आणि चमचा तिच्या तोंडाशी नेला.

तोंड उघडलं नाही.

"विष आहे ना," ती भिंतीला म्हणाली. "बाबा म्हणाला."

मी म्हणालो, "अगं, हे वेगळं औषध आहे." तर म्हणाली, "बाटलीवर बारीक अक्षरं आहेत का?" होती. मला त्या क्षणी फार भीती वाटली. बेंझोएटची नव्हे. आपल्याच तोंडातून निघालेला एक शब्द पोरीच्या डोक्यात जाऊन बसलाय आणि तो परत काढायला आपल्याकडे हत्यार नाही, या गोष्टीची. तासाभराने बायकोने तिला मांडीवर घेऊन, पाठीवरून हात फिरवत कसाबसा तो अर्धा चमचा दिला. मी दारात उभा होतो आणि मला आत यायला कुणी सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी दवाखान्यात गेलो तर बसायला जागा नाही. बाकांवर आमच्याच इमारतीतली पाच मुलं आणि त्यांच्या पाच आया. दुसऱ्या मजल्यावरची जुळी भावंडं खोकत होती, हात तोंडावर घट्ट दाबून. औषधाच्या भीतीने नव्हे तर निश्चयाने, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. तळमजल्यावरचा एक चार वर्षांचा गृहस्थ आईने पिशवीतून नुसता रुमाल काढला तरी "बेंजोट! बेंजोट!" असं ओरडत बाकाखाली शिरत होता.

झालं होतं ते असं. मंगळवारी शाळेतून येताना मुलांनी जिन्याजवळची नोटीस वाचली. 'मुलांनीही वाचावीत' ही त्यांच्यासाठी खास ओळ होती, आणि मोठ्यांनी आजवर त्यांना एवढ्या मानाने काही सांगितलं नव्हतं. अर्थ कळेना म्हणून ती काकूंच्या घरी गेली, कारण तिथे वकीलबाई होती आणि वकीलबाईला सगळं माहीत असतं. वकीलबाईने त्यांना माझं पोटातल्या विषाचं भाषण शब्दशः ऐकवलं. त्यावर सर्वानुमते ठराव झाला की यापुढे कुणीही औषध घ्यायचं नाही.

"तुमचीच ना ती नोटीस?" जुळ्यांच्या आईने मला विचारलं.

"मूळ मसुदा माझा," मी म्हणालो, "अंतिम मजकूर हेडसरांचा."

"काल माझ्या दोघांनी मिळून माझा हात चावला."

मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहत बसलो. बायको शेजारी बसली होती, पण आम्ही एकत्र आलो आहोत असं बघणाऱ्याला वाटू नये एवढं अंतर तिने ठेवलं होतं.

डॉक्टरबाईंनी आधी कान पाहिला. "अजून लाल आहे. काल संध्याकाळचं औषध दिलं नाही?" बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी सोमवारपासूनची सगळी हकिकत सांगितली आणि पावती काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला, डोळे चोळले आणि चष्मा पुन्हा घातला.

"लाखेच्या सीलासह," त्या पुटपुटल्या.

मला वाटलं आता त्या रागावणार. रागावल्या असत्या तर मी तयारीत होतो, माझ्याकडे मुद्दे होते. पण त्यांनी वकीलबाईंना बाहेर माशांच्या मोठ्या टाकीपाशी पाठवलं आणि मला समोर बसवलं.

"तुमचा प्रश्न चुकीचा नाही," त्या म्हणाल्या. "उलट फार थोडे लोक लेबल वाचतात. नवजात बाळांना औषध देताना या गोष्टी आम्हीही बघतो. पण ती सहा वर्षांची आहे आणि यात आहे ते अगदी थोडं आहे. आणि ते का घातलंय, सांगू? पाच दिवस बाटली दहा वेळा उघडणार. तुमचा चमचा, तुमचा हात, कधी झाकण उघडंच राहणार. आत काही वाढू नये म्हणून ते असतं. तुमच्या मुलीचा कान मला काळजीचा वाटतो. ते प्रिझर्व्हेटिव्ह नाही वाटत."

"पण मला कसं कळणार हे?"

"मला विचारायचं. फोन आहे की माझ्याकडे. तुम्ही हेडमास्तरांना विचारलंत, काकूंना विचारलंत, कचेरीला विचारलंत. मी तेवढी राहिले." त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. "आणि घाबरलात तर घाबरा, आईबाप घाबरतातच. फक्त मुलीच्या समोर बाटलीशी भांडू नका. बाटली काही उत्तर देत नाही, आणि मुलगी ऐकत असते."

मी मान खाली घातली. इतकं सरळ मला ऑफिसात कुणी बोलत नाही, तिथे सगळे लेखी बोलतात. दाराशी पोचल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्या नमुन्याच्या तपासणीत काय निघेल, आत्ताच सांगते. लेबलवर लिहिलंय तेच."

औषध पुन्हा मिळालं. पाणी उकळून गार केलं, खुणेपर्यंत भरलं, हलवलं. या वेळी मी लेबलकडे पाहिलंसुद्धा नाही. पण घेणाऱ्याचं तोंड बंदच.

"हे बघ, चांगलं आहे औषध," मी चमचा पुढे करून म्हणालो. "डॉक्टरबाईंनी सांगितलं."

"तू विष म्हणाला होतास."

"चुकून म्हणालो."

"कशावरून?"

मी एक थेंब बोटावर घेऊन चाटून दाखवला. तिने शांतपणे पाहिलं. "तू मोठा आहेस. मोठ्यांना काही होत नाही, तूच म्हणालास." माझंच वाक्य, काना-मात्रेचा फरक नाही. आमच्या विभागात अशी साक्षीदार आली असती तर मी हात टेकले असते. मी समजावलं, बायकोने समजावलं, फोनवर डॉक्टरबाईंनी समजावलं. वकीलबाई टॉवेल कानाला दाबून सगळं ऐकून घेत होती. दुखत होतं तिला. डोळ्यांत पाणी होतं आणि तरी तोंड मिटलेलं होतं. मला वाटलं, हिला औषधाची भीती नाहीच उरलेली. माझ्या कुठल्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा, कालच्या की आजच्या, हे तिला ठरवता येत नाहीये.

"मग मी काय करू, तूच सांग," मी म्हणालो.

तिने थोडा विचार केला. मग तिने हात वर केला. अगदी माझ्यासारखा, तळवा पुढे.

"लेखी दे," ती म्हणाली.

बायकोने तोंडाला पदर लावला. मी निमूटपणे कागद आणला, टेबलापाशी बसलो आणि लिहिलं, 'खाली सही करणार याद्वारे नमूद करतो की सदर औषधाविषयी पूर्वी व्यक्त केलेले मत अपुऱ्या माहितीवर आधारित असून...' असं सहा ओळी. कागद तिच्याकडे दिला. तिने त्यावर बोट ठेवलं, पुढे सरकवलं, परत मागे आणलं.

"हे बारीक आहे. मला वाचता येत नाही."

दुसरा कागद घेतला. मोठ्या अक्षरात लिहायला गेलो तर 'याद्वारे नमूद' एवढ्यातच ओळ संपली. 'अपुऱ्या माहितीवर आधारित' कागदावर मावेना. मोठ्या अक्षरांत फार थोडं मावतं, आणि जे मावतं त्यात लपायला जागा नसते. मी पेन हातात धरून बसून राहिलो.

"काय लिहू?" मी विचारलं.

"काय झालं होतं ते लिही."

मग मी स्केचपेन घेतला आणि लिहिलं:

औषध चांगलं आहे.
बाबा घाबरला होता.

तिने कागद मांडीवर ठेवला. पहिली ओळ बोटाने वाचली. दुसऱ्या ओळीवर तिला वेळ लागला. 'घा'पाशी थांबली, मग पुढे गेली. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"तू पण?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "फार."

"मग सही कर."

मी सही केली. बायकोने साक्षीदार म्हणून सही केली. आणि मग वकीलबाईंनी डोळे मिटून तोंड उघडलं.

औषध संपेपर्यंत तो कागद फ्रीजच्या दारावर होता. रोज सकाळ-संध्याकाळ तोंड उघडण्याआधी ती फ्रीजपाशी जाऊन तो मोठ्याने वाचायची. त्यामुळे काकू मधाची बाटली घेऊन आल्या होत्या तेव्हा, आणि हेडसर नोटीस काढल्याचं सांगायला आले होते तेव्हाही, 'बाबा घाबरला होता' हे माझ्या तोंडावर खणखणीत आवाजात वाचलं गेलं. हेडसर म्हणाले, वाचन सुधारलंय. तिसऱ्या दिवसापासून तिला बोट ठेवायची गरज पडेनाशी झाली आणि टॉवेलचीही.

औषध संपलं. बाटली मी स्वतः धुऊन टाकून दिली. मग फ्रीजवरचा कागद काढायला हात लावला, तर मागून आवाज आला.

"राहू दे, बाबा. तू परत घाबरशील तेव्हा लागेल."